‘कॅश’ म्हणजे मुळात खोकाच

लाल रिबिनीत ओवलेली तीन पितळी नाणी तुम्ही नक्की पाहिली असतील. मधोमध चौकोनी भोक आणि त्याच्या चार बाजूंना चार चिनी अक्षरं. गिफ्टच्या दुकानात लाफिंग बुद्धाच्या शेजारी ती टांगलेली असतात. फेंगशुईवाले ती पाकिटात ठेवायला सांगतात, म्हणून कुणा ना कुणाच्या गल्ल्यात ती सापडतातच. या नाण्याला इंग्रजीत काय म्हणतात? कॅश. इथे त्याचा अर्थ ‘रोख पैसे’ असा नाही. जसा आपला आणा किंवा पै, तसं ते त्या नाण्याचं नावच आहे.

गंमत म्हणजे चिनी माणसाला हे सहसा माहीत नसतं. चाकणला एका कारखान्यात वर्षभर चेंगडूहून आलेल्या एका बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. हिशेब विभागात होत्या, इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलं होतं आणि शंका विचारायला जवळचा माणूस म्हणजे मी. एका दुपारी त्यांनी मोबाइल पुढे केला. जुन्या चीनवरचा कुठलासा इंग्रजी मजकूर होता. त्यात एका शेतकऱ्यानं वाडगाभर शेवयांचे ‘टू कॅश’ मोजले होते. बाईंचा प्रश्न सरळ होता: दोन रोख म्हणजे काय? दोन काय, रोख? त्यांच्या शब्दकोशात कॅशपुढे एकच शब्द होता, ‘श्येन-जिन’, म्हणजे रोख रक्कम. आपल्याच पणजोबांच्या खिशातलं नाणं त्यांना परक्या भाषेत ओळखू येईना.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं की इंग्रजीत कॅश हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण दोघांची घराणी निराळी.

पहिला कॅश युरोपातला. लॅटिनमध्ये ‘काप्सा’ म्हणजे पेटी. औषधाची कॅप्सूल ही तिचीच धाकटी लेक, म्हणजे छोटी डबी. काप्साचं इटालियनमध्ये ‘कासा’ झालं, फ्रेंचमध्ये ‘केस’ झालं, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो शब्द इंग्रजीत ‘कॅश’ होऊन आला. तेव्हा त्याचा अर्थ पैसे ठेवायची पेटी असाही होता आणि त्या पेटीतले पैसे असाही. पुढे पेटी गळून पडली आणि पैसे राहिले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. गल्ला म्हणजे दुकानदाराची पैशाची पेटी, आणि ‘आज गल्ला किती झाला?’ म्हणजे पेटी नव्हे, पैसे. मुंबईत तर पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवरून खोक्यांची जी घोषणा घुमली तिचा अर्थ महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. लॅटिन काप्सालाही तो लगेच समजला असता.

दुसरा कॅश आपल्या बाजूचा. तमिळमध्ये ‘कासु’ म्हणजे छोटं नाणं, आणि पुढे सरसकट पैसा. त्याचं नातं संस्कृतातल्या ‘कर्ष’ या वजनाशी सांगतात, ज्यावरून ‘कार्षापण’ हे जुनं नाणं आलं. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांच्या कानावर ‘कासु’ पडला आणि त्यांच्या तोंडी तो ‘कायशा’ झाला. कारण उघड आहे, पोर्तुगीजमध्ये ‘कायशा’ हा शब्द आधीपासून होताच. अर्थ? पेटी! त्याच लॅटिन काप्साची पोर्तुगीज नात. १५१० ला गोवा, १५११ ला मलाक्का, १५५७ च्या सुमारास मकाव असे पोर्तुगीज पूर्वेला सरकत गेले. वाटेत कमी किमतीचं जे जे नाणं दिसलं त्याला ते हेच नाव देत गेले आणि इंग्रजांनी ते त्यांच्याकडून उचललं. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात कॅशची नोंद आहे ती याच नाण्याची. अशा रीतीनं एका तमिळ शब्दानं पोर्तुगीज गलबतातून चीन गाठलं आणि तिथल्या नाण्याला चिकटला. चिनी लोकांनी मात्र आपल्या नाण्याला कधीच कॅश म्हटलं नाही.

भारतातही कॅश नावाची नाणी होती. मद्रासच्या जुन्या हिशेबात ८० कॅशचा एक फनम आणि ४२ फनमचा एक पॅगोडा, म्हणजे आपला होन. त्रावणकोरात १६ कॅशचा एक चक्रम आणि २८ चक्रमांचा एक रुपया होता. गुणाकार केला तर रुपयाला ४४८ कॅश. तिथल्या तांब्याच्या नाण्यांवर कॅश हा शब्द इंग्रजीत छापलेला असे.

चिनी नाण्याचं भोक जरा जवळून पाहण्यासारखं आहे. शी हुआंग-ती या पहिल्या सम्राटानं इ.स.पू. २२१ मध्ये देश एक केल्यावर गोल नाणं आणि चौकोनी भोक हा साचा सगळीकडे लागू झाला, आणि तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकला. गोल म्हणजे आकाश, चौकोन म्हणजे पृथ्वी, असा अर्थ सांगतात. त्यापेक्षा कारागिराची बाजू मला जास्त पटते. ही नाणी ठोकून नव्हे, साच्यात ओतून बनवत. ओतलं की कडा खडबडीत राहतात. नाणी चौकोनी सळईत ओवली की कानशीनं घासताना गरगर फिरत नाहीत. शिवाय भोकातून दोरी जाते. नावापुरती हजार नाण्यांची एक माळ, तिला ‘ग्वान’ म्हणत. अतिश्रीमंत माणसाला चिनीत आजही ‘कमरेला दहा हजार माळा गुंडाळलेला’ म्हणतात. एक नाणं साडेतीन ग्रॅमचं धरलं तर हे वजन ३५ टन भरतं, पण म्हणींना तराजू लावायचा नसतो. उलट ज्याची किंमत शून्य, ते ‘एका वनच्याही लायकीचं नाही’. वन म्हणजे हेच एक नाणं. आपण कवडीमोल म्हणतो, तीच गत. तिसऱ्या शतकापासून तिथे पैशाला थट्टेनं ‘चौकोनी भोकाचे भाऊसाहेब’ म्हणतात. आपले नगदनारायण त्यांचे सख्खे भाऊ.

इतकं झाल्यावर बाईंची ‘टू कॅश’ची अडचण सुटली. नाण्याच्या अर्थानं कॅश मोजता येतो: एक कॅश, दोन कॅश, दहा कॅश, अनेकवचनातही तसाच. रोख पैशाच्या अर्थानं तो मोजता येत नाही, दूध किंवा तांदूळ यांच्यासारखा. तिथे ‘अ कॅश’ नाही आणि ‘कॅशेस’ही नाही. रोखीनं दिले हे ‘पेड इन कॅश’ किंवा नुसतं ‘पेड कॅश’. कार्डाला ‘बाय’ लागतं म्हणून बाई इथेही ‘बाय’ लावायच्या.

पण खरा घोळ पुढेच होता. एका शुक्रवारचं काम लांबलं होतं. बाईंनी पुरवठादाराला ईमेल लिहिली आणि पाठवण्याआधी मला दाखवली. त्यात वाक्य होतं: ‘वुई विल कॅश अवर प्रॉमिस.’ मी म्हटलं, असं नाही म्हणत. त्या म्हणाल्या, का नाही? चेक कॅश करतात, तसंच वचन.

यात त्यांची चूक नाही, चिनी भाषेची शिस्त आहे. ‘श्येन-जिन’ मधल्या ‘जिन’चा अर्थ सोनं किंवा धातू, आणि ‘श्येन’चा अर्थ आत्ता समोर असलेलं, हजर. रोख म्हणजे हजर सोनं. आजच्या चिनीत एकटा ‘श्येन’च रोखीचं काम करतो. ‘थी-श्येन’ म्हणजे पैसे काढणं, ‘फान-श्येन’ म्हणजे खरेदीवर परत मिळणारी रक्कम, ‘थाओ-श्येन’ म्हणजे क्रेडिट कार्डावर खोटी खरेदी दाखवून रोख उचलणं. आणि ‘द्वेइ-श्येन’ म्हणजे कागदाच्या बदल्यात हजर पैसे घेणं, मराठीत ‘वटवणं’. हाच ‘द्वेइ-श्येन’ चिनीत वचनालाही लागतो: बोललेलं होतं ते आता हजर झालं. विद्यार्थी शब्दकोश उघडतो, ‘द्वेइ-श्येन’पुढे ‘कॅश’ दिसतं, आणि वचन थेट बँकेच्या खिडकीवर पोचतं.

मराठीतही रोख म्हणजे हजर आणि तत्काळ. रामदासी वळणाची ‘रोकडी प्रचीती’ पैशाची नव्हे, ताबडतोब येणाऱ्या अनुभवाची असते. पण आपण चेक वटवतो आणि शब्द पाळतो, दोन्हीला एक क्रियापद लावत नाही. इंग्रजीतही तसंच. फक्त एक चोरवाट आहे: न झेपणारी बढाई मारणाऱ्याला इंग्रजीत म्हणतात, वटणार नाही असा चेक लिहू नकोस. तिथे मात्र वचन आणि कॅश एकत्र भेटतात. बाईंना ही म्हण इतकी आवडली की पुढच्या आठवड्यात त्यांनी ती प्रॉडक्शन मॅनेजरवर वापरली. परिणाम काय झाला ते इथे नको.

‘आत्ता हातात’ हा अर्थ पक्का धरला तर कॅशचे बहुतेक वाक्प्रचार आपोआप उलगडतात. जुगाराच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या चकत्या देऊन पैसे घेणं म्हणजे ‘कॅश इन’. त्यावरून दोन फाटे फुटले. ‘कॅश इन ऑन’ म्हणजे एखाद्या संधीचा फायदा उकळणं, आणि त्यात किंचित नापसंती असते. मराठी वर्तमानपत्रं ‘सहानुभूतीची हुंडी वटवली’ लिहितात ते अगदी हेच. सिनेमावाले म्हणतात ‘गल्लाभरू’, तोही त्याच रस्त्यावरचा. चिनी विद्यार्थी ‘कॅश इन ऑन’ कौतुकानं वापरतो आणि साहेबाच्या यशाबद्दल अभिनंदन करायला जाऊन त्याला संधिसाधू ठरवून येतो. दुसरा फाटा ‘कॅश इन युअर चिप्स’. चकत्या परत केल्या, टेबलावरून उठला, म्हणजे गेला. वारला. आपण ‘खेळ आटोपला’ म्हणतो तसं.

‘कॅश आउट’ आता ॲपवरही दिसतं, आणि चिनी माणसाला ते चटकन कळतं, कारण त्याच्या वीचॅटवर, म्हणजे निरोप आणि पैसे दोन्ही पाठवायच्या चिनी ॲपवर, ‘थी-श्येन’चं बटण असतं. मार्च २०१६ पासून वीचॅट या कामाला पैसे घेतं: पहिले १००० युआन फुकट, पुढे ०.१ टक्का. यातली विसंगती बाईंनीच दाखवली. नाव ‘हजर पैसे काढणं’, पण हजर काहीच होत नाही. एका ॲपमधला आकडा कमी होतो आणि बँकेतला वाढतो. नोट दिसतच नाही. चीनमध्ये दुकानदार रोख घ्यायला इतके नाखूश झाले की २०१८ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेला जाहीर सांगावं लागलं, ग्राहकाची रोख नाकारू नका. पण शब्दांना याची खबर नाही. दुकानातल्या कॅशियरला चिनीत अजून ‘चांदी गोळा करणारी व्यक्ती’ म्हणतात आणि बँकेला ‘चांदीची पेढी’.

‘हार्ड कॅश’ समजावताना बाईंच्या गावाचीच गोष्ट कामी आली. हार्ड कॅश म्हणजे वायदा नको, कागद नको, खणखणीत पैसे हवेत. हजार वर्षांपूर्वी सिचुआन प्रांतात लोखंडाची नाणी चालत. ती इतकी जड की बाजाराला जाताना सामानापेक्षा पैशाचं ओझं जास्त. म्हणून चेंगडूच्या व्यापाऱ्यांनी नाणी ठेवून घ्यायची आणि कागदी पावती द्यायची, असा धंदा सुरू केला. तिचं नाव ‘ज्याओ-झ’. पुढे ती सरकारनं आपल्याकडे घेतली, आणि १०२४ मध्ये जगातलं पहिलं सरकारी कागदी चलन जन्मलं. हार्ड कॅशला खऱ्या अर्थानं कंटाळलेलं पहिलं शहर चेंगडू.

‘कॅश काउ’ तर त्यांना शिकवावीच लागली नाही. १९७० च्या सुमारास बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं कंपनीच्या धंद्यांचा चार खणांचा तक्ता रूढ केला. त्यात वाढ थांबलेला पण बाजारात पक्का बसलेला धंदा म्हणजे ही गाय. चारा कमी, दूध भरपूर. चिनी व्यवस्थापनाच्या वर्गात तिचं शब्दशः ‘रोख-गाय’ झालं. घरगुती चिनीत मात्र गाय नाही, झाड आहे: ‘याओ-छ्येन-शू’, हलवलं की पैसे पडणारं झाड. सिचुआनमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, हान घराण्याच्या काळातल्या थडग्यांत अशी काशाची झाडं सापडली आहेत आणि त्यांच्या फांद्यांना चौकोनी भोकाची नाणी लटकलेली आहेत. झाडात आणि गाईत एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. झाड नुसतं हलवायचं असतं, गाईला थोडं तरी सांभाळावं लागतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानून घ्याव्या लागतात हे मराठी शेतकऱ्याला कुठल्याही सल्लागार कंपनीआधी माहीत होतं.

काही ठिकाणी शब्द सोपे दिसतात आणि पाय घसरतो. ‘कॅश इन हँड’ आपल्या हिशेबवहीत निष्पाप आहे, दिवसअखेर शिल्लक रोकड. बाईंनाही तेवढंच ठाऊक होतं. पण ब्रिटनमध्ये कुणी म्हणालं की मला ‘कॅश इन हँड’ पगार मिळतो, तर त्याला बहुधा वास असतो. पावती नाही, कर नाही, पैसे मुठीत. नोकरीच्या मुलाखतीत चिनी विद्यार्थ्यानं हे अभिमानानं सांगू नये. ‘कॅशबॅक’ भारतात आणि चीनमध्ये म्हणजे खरेदीवर परत मिळणारी रक्कम. ब्रिटिश सुपरमार्केटात मात्र काउंटरवरची बाई ‘कॅशबॅक?’ विचारते तेव्हा ती तुम्हाला काही बक्षीस देत नसते. तुमच्या कार्डातून जादा रक्कम कापून तेवढ्या नोटा हातात देऊ का, एवढंच विचारत असते. ‘कॅशलेस’ म्हणजे रोखीशिवाय व्यवहार. खिसा रिकामा तो ‘पेनिलेस’. नोव्हेंबर २०१६ मध्ये एटीएमच्या रांगेत उभं राहून आपण हे दोन्ही शब्द एकदमच शिकलो, ते सोडा. आणि ‘कॅश फॉर’ असं शीर्षक दिसलं की नाक आधी पुढे करावं. १९९४ साली ब्रिटिश संसदेत पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं ‘कॅश फॉर क्वेश्चन्स’ प्रकरण गाजलं. आपल्याकडे तशाच आरोपावरून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना घरी जावं लागलं.

‘कॅश अँड कॅरी’ आज घाऊक दुकानाच्या पाटीवर असतं, पण चिनी वाचकाला ते इतिहासाच्या पुस्तकातही भेटेल. १९३७ च्या अमेरिकी तटस्थता कायद्यात ही अट होती: लढणाऱ्या देशांनी माल रोखीनं घ्यावा आणि आपल्या जहाजांतून न्यावा. दिसायला समान न्याय. पण त्याच वर्षी जपान चीनवर तुटून पडला होता. जपानकडे जहाजंही होती आणि पैसाही, चीनकडे दोन्हीचा खडखडाट. दोघांनीही रीतसर युद्ध पुकारलं नव्हतं, या सबबीवर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो कायदा त्या लढाईला लावलाच नाही.

कॅशशी नातं नसलेले तोतयेही आहेत. कॅश्यू म्हणजे आपला काजू, तो ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला. कॅशमिअर हे काश्मीर. कॉम्प्युटरची ‘कॅशे’, म्हणजे पटकन हाताशी लागणाऱ्या माहितीचा साठा, इंग्रजीत तंतोतंत कॅशसारखीच उच्चारतात. पण सगळ्यात वाईट तोतया क्रियापदात लपलेला आहे. ‘ही वॉज कॅशिअर्ड’ वाचून बाईंनी अर्थ केला, त्याला कॅशियर केलं. बढतीच ती. प्रत्यक्षात त्या लष्करी अधिकाऱ्याला बेअब्रू करून हाकलला होता. हा शब्द डच भाषेतून आलेला, मोडीत काढणं या अर्थाचा, पेटीशी त्याचा काही संबंध नाही.

उच्चाराचं काय, ते मी फार ताणलं नाही. चिनी अक्षराचा शेवट स्वरानं, न्‌नं किंवा ङ्‌नं होतो, फार तर र्‌नं, श्‌नं कधीच नाही. त्यामुळे कॅशच्या शेपटाला एक छोटासा स्वर चिकटतोच. आणि मधला ‘ॲ’ त्यांच्याकडे नाही. तो आपल्याकडेही नव्हता, इंग्रजी शब्दांसाठी अर्धचंद्र डोक्यावर घेतला तेव्हा आला.

बाई परत निघाल्या त्या आठवड्यात मी त्यांना ती लाल रिबिनीतली नाणी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून अक्षरं वाचली, आधी वरचं, मग खालचं, मग उजवं, मग डावं: छ्येन-लुंग थुंग-पाव. छ्येन-लुंग हा अठराव्या शतकातला सम्राट, थुंग-पाव म्हणजे चलनी नाणं. नाणी अर्थातच नकली होती, हातात घेताच हलकी लागली. कितीला घेतली, त्यांनी विचारलं. साठ रुपयांना तीन, मी म्हटलं. त्यांनी क्षणभर हिशेब केला.

“तीन कॅश. म्हणजे शेवयांचे दीड वाडगे.”